सातपुड्यातील सीमा : पावती, आठवण आणि उपग्रह

सार्वजनिक जागा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर शहरातील चौक किंवा उद्यान येते. नंदुरबारच्या अक्कलकुवा-अक्राणीत ती जागा म्हणजे जंगल : गुरांचा चारा, मोहाची फुले, देवाचे स्थान. १८७८च्या वन कायद्याने सरकारी जंगलाच्या हद्दी कागदावर पक्क्या केल्या आणि त्या हद्दींच्या आत कसणारा माणूस ‘अतिक्रमक’ ठरला.

२००६च्या वनहक्क कायद्याने दावेदारावर पुराव्याची जबाबदारी टाकली. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवायचा होता. वनखात्याने पूर्वी केलेल्या दंडाच्या पावत्या आता कसणाऱ्याच्याच कामी आल्या. एखाद्या कथाकारालाही सुचू नये असा हा उपरोध! परंतु साहित्याच्या अभ्यासकाने थांबावे ते २००८च्या नियमांतील तेराव्या नियमापाशी. तेथे वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवून घेतलेले कथनही पुरावा मानले आहे.

सीमेपलीकडे, गुजरातमधील डेडियापाडा-सागबारा परिसरात, ‘आर्च’ या संस्थेसोबत गावकऱ्यांनी आणखी एक साधन हाती घेतले. याच भागातील देवमोगरा येथे महाशिवरात्रीला नंदुरबारचे आदिवासीही जातात. राज्यांची सीमा त्या श्रद्धेला ठाऊक नाही. हाती मावणारे जीपीएस यंत्र घेऊन शेताच्या कडेने चालायचे, बिंदू नोंदवायचे आणि ती आकृती उपग्रहाच्या जुन्या चित्रावर ठेवायची, अशी ही रीत. २००० साली अमेरिकेने नागरी जीपीएसमधील हेतुपुरस्सर अचूकताघट बंद केली नसती, तर त्या यंत्राने एवढ्याशा शेताची कड दाखवलीच नसती. मोजणीची साखळी शतकभर सरकारी हातात होती. आता मोजणारा पाय गावाचा होता.

पण तेच चित्र कचेरीत गेले की न्यायाधीश होऊ पाहते. झाडांच्या सावलीतले किंवा त्या वर्षी पडीक राहिलेले शेत वरून दिसेलच असे नाही. म्हणूनच २०१२च्या दुरुस्तीने स्पष्ट केले की उपग्रहचित्र इतर पुराव्यांना पूरक ठरेल, त्यांची जागा घेणार नाही. ही दुरुस्ती मला तंत्रज्ञानाविषयीच्या आपल्याकडील पुष्कळ उत्साही लेखनापेक्षा अधिक शहाणी वाटते.

सामूहिक वनाच्या बाबतीत तर यंत्राआधी बोलणेच लागते. नाला कोणाचा, चराई कुठवर, हे दोन गावांनी ठरवल्यावाचून बिंदू टाकायचा कुठे? दावे एकमेकांवर आले, तर दोन्ही ग्रामसभांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसावे, असे बारावा नियम सांगतो.