चाचणी-लेखनाचे यांत्रिकीकरण : पुण्यातील प्रयत्न आणि ‘पर्यंत’चा प्रश्न

आज्ञावलीने काय करावे हे सांगणाऱ्या वाक्यांवरून ती तपासण्याच्या चाचण्या यंत्रानेच सिद्ध कराव्यात, ही कल्पना नवी नव्हे. आय.बी.एम.मधील विल्यम एल्मेंडॉर्फ यांनी 1973 मध्ये विधानातील कारणे व कार्ये यांचा आलेख काढून त्यापासून निर्णय-तक्ता बनविण्याची रीत मांडली. तक्त्याचा प्रत्येक स्तंभ म्हणजे एक चाचणी. वाक्याचा अर्थ लावण्याचे काम मात्र माणसाकडेच राहिले.

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने 1981 मध्ये पुण्यात स्थापिलेल्या संशोधन-केंद्रात हा प्रश्न पुढे नेण्यात आला. आर. व्यंकटेश, उल्का श्रोत्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये ‘एक्स्प्रेसिव्ह डिसिजन टेबल्स’ ही लेखनपद्धती प्रसिद्ध केली. हिच्या तक्त्यातील घरात केवळ मूल्य नसते. घटनांचा क्रम व कालावधीही असतो. कळ अमुक क्षणांत दोनदा दाबली गेली, असे तेथे लिहिता येते. कालाचा अंश वगळल्यास ही घडण नियमित पदावलींची होय, आणि चॉम्स्की यांच्या उतरंडीतील सर्वांत साध्या व्याकरणवर्गाशी तिचे नाते असल्याने भाषाभ्यासकास ती परकी वाटू नये. तक्त्यातील प्रत्येक ओळ निदान एकदा लागू पडेल असा आदानांचा क्रम शोधणे, हे पुढील काम. सर्व अवस्था धुंडाळणारी पद्धत मोठ्या प्रणालीत थकते, कारण अवस्था गुणाकाराने वाढतात. म्हणून याच गटाने 2015 मध्ये तक्त्यातील आकृतिबंधांनी नियंत्रित अशी यादृच्छिक निवड पुढे आणली.

वाक्यापासून तक्त्यापर्यंतचा टप्पा याहून बिकट आहे. राळेगावच्या परिसरातील कापूस उत्पादकास परिचित असलेला हमीभाव-खरेदीचा नियम घ्यावा. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलाव्याचे 8 टक्के हा पूर्ण भावाचा काठ, तर 12 टक्के हा खरेदीचाच काठ. मधल्या ओलाव्यास कपात. ‘12 टक्क्यांपर्यंत कापूस घ्यावा’ असे लिहिल्यास नेमका 12 टक्के भरलेला कापूस घ्यावयाचा की नाही? ‘पर्यंत’ हे शब्दयोगी अव्यय मर्यादा दाखविते. ती आत धरावी की बाहेर, हे विवक्षेवर सोडते. ‘गावापर्यंत’ जाणारा गावात शिरतोच असे नाही, पण ‘सोमवारपर्यंत’च्या सुटीत सोमवार बहुधा येतो. तक्ता लिहिणाऱ्याने 12 हा अंक बाहेर ठेवला, तर यंत्र त्याच अर्थाच्या चाचण्या निर्माण करील, आज्ञावली त्या सर्व उत्तीर्ण होईल, आणि शेतकऱ्याचा माल फाटकावरून परत जाईल.