रक्ताची साक्ष

रोगाचे कारण शोधणारा वैद्य आणि साक्षीपुरावा तपासणारा न्यायाधीश यांच्या कामात बरेच साम्य आहे. दोघांनाही मूळ घटना पाहावयास मिळत नाही. मागे उरलेल्या खुणांवरूनच निर्णय द्यावा लागतो. विसाव्या शतकात वैद्याला एक नवा साक्षीदार मिळाला, तो म्हणजे रक्तातील प्रथिने. या साक्षीदाराला बोलते करण्याचा प्रयत्न वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे कसा झाला, त्याचा थोडक्यात इतिहास आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास आले. १९४० मध्ये त्या खेड्याला सेवाग्राम हे नाव मिळाले. डॉ. सुशीला नायर यांनी तेथे कस्तुरबा रुग्णालयाचा पाया घातला आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. खेड्यातील माणसाच्या उपयोगी पडेल असे वैद्यक घडवावे, हा तिचा हेतू. या संस्थेचा जीवरसायनशास्त्र विभाग आणि तेथील जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्र यांत डॉ. बी. सी. हरिनाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी जो रोग अभ्यासासाठी निवडला, तो दूरदेशीचा नव्हता. तो विदर्भाच्या दारातलाच होता : हत्तीरोग.

हा रोग सुतासारख्या बारीक कृमींमुळे होतो. हे कृमी माणसाच्या लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतात. त्यांची सूक्ष्म पिले रक्तात फिरतात आणि घाण पाण्यात वाढणारा क्यूलेक्स डास ती एका देहातून दुसऱ्या देहात नेतो. टिमथी लुईस यांना १८७२ साली कलकत्त्यात माणसाच्या रक्तात ही पिले आढळली. १८७७ मध्ये चीनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी डासाचा संबंध उघड केला. पिलांची एक विचित्र सवयही ध्यानात आली : आपल्याकडील जातीची पिले रक्तात प्रामुख्याने रात्रीच, साधारण दहा ते दोनच्या सुमारास उतरतात. म्हणून तपासणीचे रक्तही रात्रीच घ्यावे लागे. दिवसभर शेतात राबलेल्या माणसाला झोपेतून उठवून बोट टोचावयाचे, हे काम घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला सारखेच जड होते. शिवाय ज्याचा पाय सुजला आहे, त्याच्या रक्तात पुष्कळदा पिले सापडतच नाहीत. आणि ज्याच्या रक्तात ती विपुल आहेत, तो धडधाकट दिसतो. सूक्ष्मदर्शकाची साक्ष अशी अपुरी पडत होती.

कृमी लपला, तरी त्याच्या अंगातून पाझरणारी प्रथिने लपत नाहीत. ती ओळखण्याची विद्या तोवर हळूहळू तयार झाली होती. स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांनी १९३७ साली विजेच्या प्रवाहाने रक्तजलातील प्रथिने वेगवेगळी करून दाखविली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच मार्गाने दाखविले की, सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन हे प्रथिनच मुळात निराळे असते. विदर्भातील अनेक कुटुंबांना हा आजार परिचित आहे. १९७० मध्ये लेमली यांची पद्धत आली. तिने प्रथिने वजनानुसार पट्ट्यापट्ट्यांनी मांडता येऊ लागली. १९७१ मध्ये एंगवॉल व पर्लमन यांनी एलायझा चाचणी दिली. तिच्यात उमटणाऱ्या रंगावरून विशिष्ट प्रथिनाचे अस्तित्व कळते.

या साधनांनिशी सेवाग्रामचे काम चालले. हत्तीरोगाचा हा कृमी माणसावाचून अन्यत्र जगत नाही, त्यामुळे त्याची प्रथिने मिळवणे कठीण. संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातून पिले वेगळी केली, पोषक द्रवात जिवंत ठेवली आणि त्यांच्यातून स्रवणारी प्रथिने गोळा केली. त्या प्रथिनांना चिकटणारी प्रतिद्रव्ये रुग्णाच्या रक्तात आहेत काय, हे एलायझाने पाहता आले. बोटातून काढलेले थेंबभर रक्त गाळणकागदावर वाळवून प्रयोगशाळेत आणले, तरी चाले. आणि ते दिवसाही घेता येई. खेड्याची अडचण ओळखून केलेली ही योजना होती.

परंतु साक्षीदाराची उलटतपासणी हवी. प्रतिद्रव्य सांगते, 'शत्रू येऊन गेला'. तो अजून घरात आहे की नाही, हे ते खात्रीने सांगत नाही. जेथे डास सर्वांनाच चावतात, तेथे निरोगी माणसातही प्रतिद्रव्ये आढळतात. म्हणून कृमीचे स्वतःचे प्रथिन, म्हणजे प्रतिजन, रक्तात शोधणे अधिक मोलाचे ठरले. सेवाग्रामच्या संशोधकांनी त्याचाही शोध घेतला. पुढे याच तत्त्वावर परदेशात तयार झालेली चाचणी काही मिनिटांत, दिवसा वा रात्री, उत्तर देऊ लागली.

क्षयाच्या बाबतीत हा धडा अधिक कठोर निघाला. सेवाग्राम येथे क्षयजंतूंच्या संवर्धनद्रवातून ३१ किलोडाल्टन वजनाचे एक प्रथिन वेगळे करण्यात आले. ते इतर प्रथिने तोडणारे विकर असल्याचेही दिसून आले. हाडांचा वा पोटाचा क्षय थुंकीत दिसत नाही. तेथे अशा प्रथिनाने निदान होईल, ही आशा रास्त होती. मात्र क्षयासाठी बाजारात विकल्या जाणाऱ्या रक्तचाचण्या जगभर तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांचे निकाल विश्वासार्ह ठरले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली त्या वापरू नयेत असे सांगितले आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. खोट्या साक्षीने निरोग्याला कित्येक महिने औषधे घ्यावी लागतात आणि खरा रोगी घरी परत पाठवला जातो. प्रयोगशाळेत मिळालेले ज्ञान वाया गेले असे नव्हे. पण ज्ञान आणि निदान यांत अंतर असते, हे त्यातून स्पष्ट झाले.

१९९४ साली मार्क विल्किन्स यांनी देहातील समग्र प्रथिनांसाठी 'प्रोटिओम' हा शब्द योजला. आज एका नमुन्यातून हजारो प्रथिने मोजणारी यंत्रे आहेत. साक्षीदार वाढले, उलटतपासणीची गरज मात्र कमी झाली नाही, उलट वाढली.

आपल्या कुटुंबांनी या इतिहासातून दोन गोष्टी घ्याव्यात, असे आम्हांस वाटते. रक्ताचा अहवाल हाती आला की तो नेमका कशाची साक्ष देतो, हे डॉक्टरांना विचारावे. आणि हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन आरोग्यसेवक दारी आले, तर 'मला काय झाले आहे?' म्हणून त्यांना परतवू नये. सामुदायिक औषधोपचाराची ही देशव्यापी मोहीम २००४ पासूनची. २०१९ मध्ये वर्ध्याशेजारच्या नागपूर जिल्ह्यात तीन औषधे एकत्र देण्यास प्रारंभ झाला. ज्याला काहीच झालेले दिसत नाही, त्याच्याही रक्तात पिले फिरत असतात, हे आपण वर पाहिलेच. त्याने गिळलेली गोळी शेजाऱ्याच्या मुलाचा पाय वाचविते.