पांढऱ्या खाराची पारख

अकोल्याच्या जठारपेठेतल्या किराणा दुकानात मीठ, खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा एकाच फळीवर असतात. तिन्ही पांढरे, तिन्ही सोडियमचे क्षार. दुकानात पुडीवरच्या नावाने काम भागते. पण शहराच्या उत्तरेला, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतली 894 गावे जमिनीवर फुटलेला असाच पांढरा खार पाहत आली आहेत, आणि तिथे नाव सांगणारी पुडी नाही. वऱ्हाडात क्षार ओळखण्याची जुनी विद्या होती आणि ती खरी होती, तरीही शेतीसाठी ती अपुरी पडली. तिची उणीव रासायनिक अभिकर्मकांनी भरून काढली, असे माझे म्हणणे आहे.

जुन्या विद्येला कमी लेखू नये. लोणारच्या सरोवराजवळ काच आणि साबण यांचा कच्चा माल मिळतो, अशी नोंद सोळाव्या शतकाच्या अखेरीस ऐन-इ-अकबरीत झाली आहे. तिथले लोक सरोवरातून निघणाऱ्या खाराचे डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की असे प्रकार करून वेगवेगळे विकत. रंग, खडा आणि चव एवढ्यावर चाललेली ही प्रतवारी होती. पूर्णाकाठीही काही विहिरींचे पाणी इतके खारट की त्यापासून मीठ काढता येई. एप्रिल 1930 मध्ये वऱ्हाडातला मिठाचा सत्याग्रह समुद्रापासून इतक्या दूर दहीहांड्याला होऊ शकला तो या विहिरींमुळेच. मग परीक्षानळी कशाला, असा आक्षेप कोणी घेतला तर तो पोकळ नाही. बाजारासाठी जिभेची पारख पुरत होती. मात्र जीभ मिश्रणातले घटक सुटे करू शकत नाही, आणि लोणारचा व पूर्णेचा खार मिश्रणच आहे. 1912 मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश यांनी लोणारवर लिहिताना रसायनज्ञ ख्रिस्ती यांना सोबत घेतले, हे म्हणूनच योग्य झाले.

कसोटी वरवर सोपी दिसते. द्रावणात सिल्व्हर नायट्रेट टाकले की क्लोराइडचा दह्यासारखा पांढरा साका बसतो. पण कार्बोनेट असले तरी फिकट साका बसतोच! आधी नायट्रिक आम्ल घालून कार्बोनेटचा वायू उडवून दिला नाही, तर सोड्याच्या खाराला मीठ म्हणण्याची चूक हमखास होते. बेरियम क्लोराइडचेही तसेच: सल्फेटचा साका हायड्रोक्लोरिक आम्लात टिकतो, कार्बोनेटचा विरघळतो. कार्बोनेट आणि बायकार्बोनेट ही जोडी तर आणखी फसवी, कारण आम्लात दोन्ही फसफसतात. तिथे मॅग्नेशियम सल्फेट उपयोगी पडते. कार्बोनेटबरोबर थंड द्रावणातच साका येतो, बायकार्बोनेटबरोबर उकळल्यावर. फिनॉल्फ्थॅलीन पहिल्यात गडद गुलाबी होते, दुसऱ्यात जेमतेम छटा धरते. थोडक्यात, अभिकर्मक एकटा साक्ष देत नाही. त्याच्या आधी काय घातले आणि नंतर काय केले, त्यावर निकाल ठरतो.

हा बारकावा शेताच्या बांधावर महत्त्वाचा ठरतो. मातीत नुसते विरघळणारे मीठ साचले असेल, तर निचरा करून गोड्या पाण्याने ते धुऊन काढता येते. सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसले असेल, तर हाच उपाय उलटतो: मीठ धुऊन जाते, चिकणमाती फुगून पसरते आणि पाणी मुरणेच थांबते. अशा जमिनीला जिप्सम लागते, कारण त्यातला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. सिंचनाच्या पाण्यातले बायकार्बोनेट याच कॅल्शियमला चुन्याच्या रूपात खाली बसवते, म्हणून पाण्याचीही पारख हवी. 1969 मध्ये अकोल्यात स्थापन झालेल्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या दारात खारपाणपट्ट्याचा प्रश्न आहे तो हा. विद्युतवाहकता मोजणारे यंत्र आल्यावर बाटल्यांची गरज संपली, असे आता म्हटले जाते. ते मला पटत नाही. यंत्र एकूण क्षार किती ते सांगते, कोणते ते सांगत नाही. पाण्यातले क्लोराइड मोजायला मोर यांची 1856 ची पद्धत अजून वापरतात: क्रोमेट घातलेल्या नमुन्यात सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने सोडायचे आणि विटकरी रंग उमटला की थांबायचे.