डॉट भारत: देवनागरी पत्त्याची कुळकथा

संकेतस्थळाच्या पत्त्यात शेवटच्या टिंबानंतर जे येते ते डोमेन एक्स्टेन्शन. ‘डॉट कॉम’ आणि ‘डॉट इन’ सर्वांना ठाऊक आहेत. देवनागरीतले ‘डॉट भारत’ २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाले, पण बाजारात ते अजून रुजलेले नाही. हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो आणि सिंधी या आठ भाषांसाठी ते खुले झाले. एवढ्या लोकांच्या लिपीला गिऱ्हाईक का मिळू नये, याची कारणे त्याच्या जन्मकथेतच आहेत.

देवनागरीला सरकारदरबारी जागा मिळवून देण्याची संघटित धडपड वाराणसीत उभी राहिली. श्यामसुंदर दास, रामनारायण मिश्र आणि शिवकुमार सिंह या विद्यार्थ्यांनी १८९३ मध्ये तिथे नागरीप्रचारिणी सभा स्थापन केली. १८९८ मध्ये मदनमोहन मालवीयांच्या पुढाकाराने लेफ्टनंट गव्हर्नर अँटनी मॅकडोनेल यांना निवेदन दिले गेले आणि एप्रिल १९०० च्या आदेशाने कचेऱ्यांत नागरी अर्ज चालू लागले. ती मुभा होती, सक्ती नव्हती. फारसी लिपीतले कामकाजही चालूच राहिले. काशीच्या मराठी घरांना ही लिपी आपलीच होती. तिथे जन्मलेले बाबूराव विष्णू पराडकर ‘आज’ या हिंदी दैनिकाचे संपादक म्हणून नावाजले. एक लिपी आणि अनेक भाषा, हे डॉट भारतचे भांडवल काशीत केव्हाच तयार होते.

अडचण यंत्राची होती. इंटरनेटवरील नावांची व्यवस्था १९८३ मध्ये आखली गेली ती रोमन अक्षरे, आकडे आणि हायफन एवढ्यांच्याच जोरावर. २००३ मध्ये ‘प्युनीकोड’ ही पद्धत आली. तिच्यामुळे इतर लिप्यांतले नाव आतल्या आत रोमनमध्ये बदलता येऊ लागले. ‘भारत’ हा शब्द सर्व्हरकडे जातो तो एक्स, एन, दोन हायफन आणि पुढे एच-२-बी-आर-जे-९-सी अशा रूपात. आयकॅन या नियामक संस्थेने २००९ मध्ये देशांना आपापल्या लिपीतल्या एक्स्टेन्शनसाठी अर्ज करू दिले; मे २०१० मध्ये अरबी लिपीतली पहिली नावे चालू झाली.

भारतासाठी अक्षरांचे नियम बांधण्यात पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. हे काम किती बारीक असते ते मराठीतल्या एका अक्षरावरून दिसते. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. एकात न दिसणारे जोडचिन्ह लागते, दुसऱ्यात खाली टिंब असलेला ‘ऱ’ वापरावा लागतो. वाचणाऱ्याला शब्द एकच दिसतो, संगणकाला मात्र दोन वेगळे. दोन्ही रूपे मोकळी ठेवली, तर एकाच्या दुकानाचे हुबेहूब नाव दुसरा कोणी घेऊन बसेल.

आता पैशाचा हिशोब. एक्स्टेन्शन चालवणारी संस्था ठोक दराने नावे देते, विक्रेते ती ग्राहकांना वर्षाच्या बोलीने विकतात. खरी कमाई नूतनीकरणावर. सर्व्हर, सुरक्षा आणि तंटे यांचा खर्च दहा नावे खपली काय आणि दहा लाख खपली काय, सुटत नाही. २०१२ मध्ये खासगी एक्स्टेन्शनच्या नुसत्या अर्जालाच १,८५,००० डॉलर लागत होते. वर दर तिमाहीला आयकॅनचे ६,२५० डॉलर. अँग्विला या चिमुकल्या बेटाला ‘डॉट एआय’ने २०२३ मध्ये सुमारे ३.२ कोटी डॉलर मिळवून दिले, कारण ती दोन अक्षरे जगभरच्या कंपन्यांना हवी झाली. ‘भारत’ला असे परदेशी गिऱ्हाईक मिळणे कठीण, त्याचा धंदा देवनागरी वाचणाऱ्यांवरच चालणार.

डॉट भारत चालवणारी निक्सी ही ना-नफा कंपनी २००३ मध्ये स्थापन झाली. तिच्याच हातातल्या डॉट इनचा अनुभव बोलका आहे. १९९२ ते २००४ या काळात जेमतेम ७,००० नावे नोंदली गेली होती. २००५ मध्ये नियम सैल होताच मागणी वाढली आणि पुढे लाखांवर गेली. डॉट भारतच्या बाबतीत नियम सैल करून, इतकेच काय फुकट देऊनही भागले नाही. २०२१ च्या जानेवारीत डॉट इनचे नाव घेणाऱ्याला भारतीय भाषेतले एक नाव निक्सीने मोफत देऊ केले. फुकट मिळालेले नाव पुढच्या वर्षी पैसे भरून कोण राखणार? ज्याला त्याचा रोज उपयोग होतो, तोच.

आणि उपयोगातच खरी मेख आहे. देवनागरी ईमेल पत्त्यासाठीची तांत्रिक मानके २०१२ मध्ये ठरली, तरी अनेक ऑनलाइन फॉर्म असा पत्ता चुकीचा म्हणून परत पाठवतात. त्यामुळे दुकानदाराला रोमन नाव ठेवावेच लागते आणि देवनागरी नाव हा वरखर्च होऊन बसतो. खुद्द वाराणसीत जिल्हा प्रशासन, हिंदू विश्वविद्यालय आणि विश्वनाथ मंदिर यांची परिचित संकेतस्थळे रोमन पत्त्यांवरच चालतात. राजस्थान सरकारने २०१७ मध्ये नागरिकांना ‘राजस्थान डॉट भारत’वरचे हिंदी ईमेल पत्ते देऊ केले, हे पाऊल नेमके होते: आधी वापर, मग विक्री. २८ मार्च २०२३ रोजी पहिला सार्वत्रिक स्वीकार दिन पाळला गेला. सर्व लिप्यांतले पत्ते प्रत्येक प्रणालीने स्वीकारावेत, ही त्यामागची मागणी. बँका, रेल्वे आणि सरकारी पोर्टले यांचे फॉर्म देवनागरी पत्ता बिनतक्रार घेऊ लागले, तरच डॉट भारतच्या नूतनीकरणाचे पैसे नियमित येऊ लागतील.