मतदारयादी आणि स्वतःचे नाव

औरंगाबादसह सर्व मराठवाड्याने सार्वत्रिक प्रौढ मताधिकार प्रथम बजावला तो १९५२ साली, हैदराबाद राज्याचा भाग असताना. या निवडणुकीचा विचार बहुधा पक्ष व उमेदवार यांच्या अनुषंगाने केला जातो. तथापि तिचे खरे नावीन्य मतदारयादीत आहे.

निजामी राजवटीत व्यक्तीला केवळ व्यक्ती म्हणून मत नव्हते. आयंगार समितीच्या अहवालानंतर जुलै १९३९ मध्ये जाहीर झालेल्या सुधारणांत जहागीरदार, व्यापारी, वकील अशा हितसंबंधांस प्रतिनिधित्व देऊ केले होते. १९४८ साली ती राजवट संपली, आणि २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेचा ३२६ वा अनुच्छेद येथेही लागू झाला. आता मालमत्ता, कर वा साक्षरता यांची अट उरली नाही. वयाची २१ वर्षे आणि मतदारसंघातील १८० दिवसांचे वास्तव्य एवढे सामान्यतः पुरेसे होते.

परंतु पात्रता वेगळी आणि नोंद वेगळी. देशात अनेक स्त्रियांची नोंद ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशी झाली होती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी स्वतःच्या नावाचा आग्रह धरला. सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाखांनी नाव सांगितले नाही, आणि त्या यादीतून वगळल्या गेल्या. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान व विंध्य प्रदेश येथे हे प्रमाण विशेष होते.

मराठी भाषकांस ही वृत्ती अपरिचित म्हणता येणार नाही. पतीचे नाव उखाण्यातच घ्यावे आणि विवाहात वधूचे नाव बदलावे, हे संकेत आपल्याकडेही रूढ होते. ‘रामाची आई’ या शब्दप्रयोगात नाव येते ते रामाचे. आईचा केवळ संबंध सांगितला जातो. घरात व गावात तेवढ्याने ओळख पटते, यादीत पटत नाही. नागरिकत्वाला विशेषनाम लागते.

६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून वयोमर्यादा १८ वर आली. २०२२ पासून वयाच्या गणनेसाठी १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार अर्हता-तारखा आहेत. नवमतदाराने नमुना ६ भरावयाचा असतो. त्यात प्रथम लिहावयाचे ते स्वतःचे नाव. हक्क घटनेने दिला हे खरे. परंतु यादीत नाव नसेल तर तो बजावता येत नाही.