नळीचा इतिहास

लघवीवर लेख लिहायचा म्हटलं की आपल्या बायका आधी पदर तोंडाला लावतात. महिला मंडळात मी हा विषय काढला तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "अगं, दुसरं काही नाही का सांगण्यासारखं?" आहे, पुष्कळ आहे. पण हे आम्हाला कुणी वेळेवर सांगितलं नाही आणि घरातला एक तरुण माणूस गेला. तेव्हा मावशी, ऐकाच.

१९८९ चा उसाचा हंगाम होता. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माझे धाकटे दीर, वय चोवीस, भरलेल्या ट्रॉलीवरून पडले आणि पाठीचा मणका मोडला. कमरेखाली सगळं लुळं पडलं. दवाखान्यात नेल्या नेल्या लघवीची नळी घातली. ती घालणं भागच होतं. मज्जारज्जूला इजा झाली की मूत्राशय भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत जात नाही आणि तिथून हुकूमही खाली येत नाही. लघवी तुंबते, तिचा दाब मूत्रपिंडांवर जातो. म्हणजे चूक नळी घालण्यात नव्हती. चूक पुढे झाली.

नळी आठवड्यामागून आठवडे तशीच राहिली. पिशवी कधी फरशीवर लोळायची, तर एक्सरेला नेताना खुशाल पोटावर ठेवली जायची. वॉर्डातला माणूस एकाची पिशवी रिकामी करून त्याच हातांनी दुसऱ्याची उघडायचा. तिसऱ्या आठवड्यात भाऊजींना हुडहुडी भरून ताप आला. इंजेक्शनं झाली, ताप उतरला, पुन्हा आला. पाण्याचं फडकं दुहेरी करून गाळणाऱ्या, जिवाणी जपून विहिरीत सोडणाऱ्या माझ्या सासूबाई कॉटच्या पायथ्याशी बसून म्हणायच्या, "असाता वेदनीय कर्माचा उदय, दुसरं काय!" मीही तेच मानलं.

पुढे मुलं मोठी झाली, दुपारचा वेळ मिळू लागला, तेव्हा या आजाराबद्दल मिळेल ते वाचत गेले. आणि कळलं की आधी साऱ्या जगानंच हे नशीब म्हणून सोडून दिलं होतं.

इजिप्तमध्ये सापडलेली एक वैद्यकाची गुंडाळी आहे, एडविन स्मिथ पपायरस नावाची. साडेतीन हजार वर्षांहून जुनी. मानेचा मणका निखळलेल्या माणसाचं वर्णन तीत आहे: हातपाय कळत नाहीत, लघवी नकळत ठिबकते. निष्कर्ष एकच, हा आजार उपचार करण्याजोगा नाही. पहिल्या महायुद्धापर्यंत त्यात फारसा फरक पडला नव्हता. पाठीच्या कण्याला इजा झालेले बहुतेक सैनिक मरायचे, आणि ते मूळ जखमेनं नव्हे, तर लघवीतल्या जंतुसंसर्गानं आणि अंथरुणातल्या जखमांनी.

१९१७ साली जर्मनीतल्या एका खाणगावच्या इस्पितळात लुडविग गुटमन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा मदतनीस म्हणून होता. पाठ मोडलेला एक धट्टाकट्टा खाणकामगार आला. हा काही आठवड्यांत जाणार, फार लिहीत बसू नकोस, असं त्याला सांगण्यात आलं. कामगार पाच आठवड्यांत गेला. गुटमन पुढे डॉक्टर झाला, पण तो माणूस त्याच्या मनातून गेला नाही. तो ज्यू होता. हिटलरच्या छळामुळे १९३९ साली बायकामुलांसह इंग्लंडला आला. १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडव्हिल इस्पितळात कण्याच्या इजांचा विभाग सुरू झाला आणि तो त्याच्या हाती आला.

तिथे गुटमननी काय केलं? नवं औषध शोधलं नाही. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येकाला कुशीवर वळवायचं. नळी कायमची आत ठेवायची नाही. ठरलेल्या वेळी घालायची, मूत्राशय रिकामं करायचं, काढून टाकायची. घालताना नळीला हात लागू द्यायचा नाही. आणि हे काम कुणावर सोपवायचं नाही, डॉक्टरनं स्वतः करायचं. १९६६ साली त्यांनी फ्रँकेल या सहकाऱ्याबरोबर ४७६ रुग्णांचा अनुभव छापला. निम्म्याहून जास्त रुग्ण घरी जाताना त्यांच्या लघवीत जंतू नव्हते. जिथे सगळेच सडून मरायचे तिथे हे!

याच काळात नळीचंही गुपित उघडं पडत होतं. फुगा असलेली, आत टिकून राहणारी नळी अमेरिकेतल्या फोली या डॉक्टरांनी १९३० च्या दशकात आणली. आजही तिला फोली कॅथेटरच म्हणतात. सोय मोठी, म्हणून ती सर्रास वापरली जाऊ लागली. नळीचं दुसरं टोक उघड्या बाटलीत सोडलेलं असायचं, आणि चारेक दिवसांत जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडायचे. १९५८ साली पॉल बीसन यांनी नळीविरुद्ध खटलाच मांडणारा लेख लिहिला. पुढे बाटली जाऊन बंद पिशवी आली, तसा संसर्गाला उशीर होऊ लागला. उशीर, सुटका नव्हे. नळीच्या अंगावर जंतूंचा बुळबुळीत थर चढतो आणि त्यात औषध नीट पोचत नाही. नळी आत असलेल्या दर दिवशी शंभरातल्या साधारण ३ ते ७ जणांच्या लघवीत नव्यानं जंतू शिरतात, असा आजचा हिशेब आहे.

मग १९७२ साल. मिशिगनमधले डॉक्टर जॅक लापिडीस यांनी आणखी पुढचं सांगितलं: मूत्राशय तुंबून ताणलं जाऊ दिलं नाही, तर ते स्वतःच जंतूंशी झुंजतं. म्हणून रुग्णानं स्वतः, घरी, साबणानं हात धुऊन, स्वच्छ नळीनं ठरावीक तासांनी लघवी काढावी. सगळं निर्जंतुक असलंच पाहिजे असंही नाही. आधी लोकांनी नाकं मुरडली. नंतर तीच पद्धत जगभर रूढ झाली.

त्याच १९७२ साली आपल्या सांगलीकडच्या पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांनी जर्मनीत हायडेलबर्गला अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक मिळवलं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला हा सैनिक. ज्या खेळांत ते उतरले, त्यांची सुरुवात १९४८ साली गुटमनच्या इस्पितळाच्या हिरवळीवर झाली होती. आमच्या घरापासून पेठ काही फार दूर नाही. पण १७ वर्षांनीसुद्धा साबणानं हात धुऊन करायची ती साधी गोष्ट आमच्या कॉटपर्यंत पोचली नव्हती.

भाऊजी घरी आले ते नळीसकटच. मी पिशवी रिकामी करायची आणि ते भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, "वहिनी, तुमच्यावर हे करायची पाळी आली." वारंवार ताप यायचा. खाली संवेदनाच नाही, त्यामुळे जळजळ नाही, दुखणं नाही. संसर्गाची वर्दी फक्त तापानं, गढूळ लघवीनं किंवा एकदम पाय ताठरल्यानं यायची. मूत्रपिंडं हळूहळू निकामी झाली. १९९६ साली ते गेले. सासूबाई तेव्हाही कर्माचंच म्हणाल्या.

पडणं हा कर्माचा उदय असेल, मी वाद घालत नाही. पण फरशीवरची पिशवी आणि न धुतलेले हात? आपल्या शास्त्रात त्याला वेगळा शब्द आहे, प्रमाद. बेफिकिरीनं जीव गेला तर ती हिंसाच, हे आपण पर्युषणात दरवर्षी ऐकतो. न दिसणाऱ्या जीवांसाठी पाणी गाळणारे आपण, त्यांच्यामुळे माणूस मरू शकतो हे मात्र ध्यानात घेत नाही.

म्हणून दवाखान्यात तुमचं माणूस असेल तर पदर तोंडाला लावू नका, विचारा. "डॉक्टर, नळीची आज गरज आहे का? ठरावीक वेळानं काढायची पद्धत यांना चालेल का?" पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकलेली असू द्या. हात लावणाऱ्याला म्हणा, "आधी हात धुवा." ताप नाही, त्रास नाही आणि नुसत्या रिपोर्टात जंतू दिसले, तर अँटिबायोटिक खरंच लागतं का, तेही विचारा.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतला एक मुलगा मोटारसायकलवरून पडला, तसाच लुळा झाला. त्याच्या आईबरोबर मी दवाखान्यात गेले आणि हे सगळं विचारलं. सिस्टर जरा रागावल्या. मग त्यांनी पिशवी उचलून कॉटच्या दांडीला अडकवली आणि हात धुवायला गेल्या.