एकवीसचा डाव आणि दोन पैजा

पेण-रोह्याकडील घरांत गणपतीच्या जागरणास पत्ते निघतात. परंतु लाडीस काय किंवा झब्बू काय, तो खेळाडूंचा आपसांतला सामना. ब्लॅकजॅक ऊर्फ एकवीसचा डाव निराळा. त्यांत पानांची बेरीज २१ च्या जवळ न्यावयाची, पुढें जाऊं द्यावयाची नाहीं, आणि प्रत्येकाची झुंज पानें वाटणाराशीं. खेळ जुना आहे. सर्व्हान्तेस या स्पॅनिश ग्रंथकाराच्या १६१३ सालच्या कथांत त्याचा उल्लेख आहे.

आमच्याकडे त्याची वाट कायद्यानें अडविली. मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या कायद्यानें जुगाराचे अड्डे दंडनीय ठरविले. निव्वळ कौशल्याचे खेळ तेवढे वगळले. पुढें १९७६ सालीं महाराष्ट्रानें कॅसिनोंस परवाने देणारा कायदा केला, पण तो अंमलांत न येतांच २०२३ सालीं रद्द झाला. बारसें झालें, मूल मात्र पाळण्याबाहेर आलेंच नाहीं! गोव्यानें १९९२ व १९९६ च्या दुरुस्त्यांनीं प्रथम यंत्रांस व मग जहाजांवरील टेबलांस मोकळीक दिली. १९९८ सालीं पूर्ण झालेली कोंकण रेल्वे तर रोह्यापासूनच सुरू होते. तेव्हां हा डाव आमच्या तरुणांस आतां एका रात्रीच्या प्रवासावर आहे.

तेथून परतलेले कित्येक खुषीनें सांगतात, “मी एकदम दोन डाव मांडतों, एक गेला तरी दुसरा तारतो.” ही समजूत तपासण्याजोगी आहे. दोन्ही डाव वाटणाराच्या एकाच बेरजेशीं तोलले जातात. त्याचे २० झाले, कीं आपले १८ व १९ एकदमच बुडतात. शिवाय २१ च्या पलीकडे गेलेल्या खेळाडूचे पैसे आधींच उचलले जातात. मागाहून वाटणारा स्वतः फुटला तरी ते परत मिळत नाहींत. कॅसिनोची मिळकत मुख्यतः येथेंच आहे, आणि दुसऱ्या डावानें हा नियम बदलत नाहीं.

समजा, कॅसिनोचा वाटा शेकडा १ आहे. १०० रुपयांच्या एका डावावर सरासरीनें १ रुपया जाईल; ५०-५० चे दोन मांडले तरी १ च, फक्त चढउतार कांहींसे कमी. परंतु १००-१०० चे दोन मांडले, कीं २ रुपये! आणि बहुतेकांचा हात या दुसऱ्या प्रकाराकडेच वळतो.

एडवर्ड थॉर्प या अमेरिकन गणितज्ञानें १९६२ च्या पुस्तकांत, गेलेलीं पानें ध्यानांत ठेवून उरलेल्यांचा कल ओळखण्याची रीत दाखविली. कल आपल्या बाजूस असतां अधिक डाव मांडण्यांत खरोखरच अर्थ आहे. मात्र यंत्र पानें सतत पिसत असेल, तर ध्यानांत ठेवण्याजोगें कांहीं उरतच नाहीं.